परदेशी शाळेसोबत गोष्ट रचताना

महोदय,
परदेशी शाळेसोबत पर्यावरणाची गोष्ट रचायची तर व्हिडिओ कॉलवर विसंबू नये. हिवाळ्यात लंडनला सकाळचे ९.३० म्हणजे मुंबईत दुपारचे ३. सकाळच्या सत्रातली मुले तोवर घरी गेलेली. त्यापेक्षा दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण पाठवावे: शिवडीच्या खाडीकाठी काय ऐकू येते, तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, चिखलातून वर आलेली श्वासमुळे हाताला कशी लागतात. वेळ ओहोटीची धरावी, भरतीत ही मुळे बुडतात. पुढचा प्रसंग तिकडच्या मुलांनी जोडावा. अशा गोष्टीत अंध मुलेही बरोबरीने उतरतात. कर्णबधिरांसाठी मजकूर लेखी हवाच. भारतीय व ब्रिटिश सांकेतिक भाषा वेगळ्या, एक दुभाषी पुरत नाही. आणि मुलांना मराठीतच बोलू द्यावे, भाषांतर शिक्षकांनी करावे. नाहीतर फाडफाड इंग्रजी बोलणारी चारच मुले पुढे येतात.

– काही शिक्षक, मुंबई