एका दिवसाची बेकारी

अमळनेर,
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

काल घरात माहेरवाशिणी जमल्या होत्या, आणि "आते काय करस रे भाऊ?" (आता काय करतोस?) हा प्रश्न सांजोरीबरोबर मला चार वेळा वाढला गेला. त्यावरून तुझ्या पत्राची आठवण झाली. नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला बेकारीवर प्रहसन लिहवते तरी कसे, असे तू विचारले होतेस. प्रश्न बोचला, म्हणूनच उत्तराला उशीर झाला.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले होते. पहिल्या खर्ड्यात हा आकडा मी सूत्रधाराच्या तोंडी गंभीरपणे घातला, तर तालमीत मुलांनी जांभया दिल्या. त्यांच्यातलेच कित्येक त्या अर्जदारांत होते. त्यांना आकडा काय सांगायचा? मग आकडा काढला आणि तांत्रिक खंड घातला.

तुला हे ठाऊकच आहे: नेमणूक अकरा महिन्यांची, मग सलग सेवा दिसू नये म्हणून एका दिवसाचा खंड, आणि पुन्हा नवी ऑर्डर. आमचा नायक त्या एका दिवसापुरता कागदोपत्री बेकार असतो आणि नेमके त्याच दिवशी चोपड्याहून मुलीकडचे लोक येतात. मुलगा काय करतो, असे त्यांनी विचारताच हा सत्यवादी गडी म्हणतो, "आज काही नाही. उद्यापासून करतो." तेवढ्यात साहेबांचा फोन येतो की अमुक फाइल सापडत नाही, जरा येऊन काढून दे; आणि हा बेकार माणूस पाहुण्यांना पोह्यांपाशी बसवून कामावर निघून जातो.

एक प्रवेश मात्र मी कापला. मुलाखतीतल्या नायकाच्या अहिराणी वळणाच्या इंग्रजीवर मुले पोट धरून हसत होती. पण ते हसू पोराला लागत होते, मुलाखत घेणाऱ्यांना नव्हे. तमाशातला सोंगाड्या असा पोराला ओरबाडत नाही, तो राजाची खोड काढतो. चॅप्लिननेही १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये बेकाराला हास्यास्पद केले नाही. तुरुंगातून सुटका होत असताना त्याचा नायक आणखी थोडे दिवस राहू देण्याची विनवणी करतो, तेव्हा हसे होते ते बाहेरच्या जगाचे. (मुले दोन दिवस रुसली होती, हेही सांगतो.)

सर्वांत मोठा हशा नायकाच्या आईच्या डब्याला मिळाला. पहिल्या ऑर्डरीला ती गल्लीत पेढे वाटते, दुसरीला गूळ-शेंगदाणे, तिसरीला चिमूटभर साखर. चौथीला नुसता डबा उघडते, आत डोकावते आणि झाकण लावते. प्रयोगाला माझी आई पुढच्याच रांगेत होती. सगळे हसत असताना ती हसली नाही. घरी आल्यावर एवढेच म्हणाली, "डबा आपलाच ना रे तो?"

आता तुझ्याकडे एक काम. नायकाच्या हातात खरी ऑर्डर हवी आहे. तीन मुदतवाढींचे शिक्के बसलेली तुझी जुनी प्रत, नाव झाकून, टपालाने पाठव. लॅमिनेशन करू नकोस. घडीवर फाटलेलीच रंगमंचावर चांगली दिसेल.

तुझाच,
मित्र