रोपवाटिकेतल्या काकांना, आमच्या गच्चीवरच्या भाज्यांतर्फे

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

मृगाच्या सरी आल्या आणि गच्चीवरची वांगी पुन्हा फुलावर आली. नागपूरच्या 45 अंशांतून, नवतप्याच्या होरपळणाऱ्या नऊ दिवसांतून ही झाडं तगली ती तुमच्यामुळे. म्हणून हे जाहीर आभार.

पहिले आभार भरदुपारी झारी खाली ठेवायला लावल्याबद्दल. दोन वाजता दोडक्याची पानं माना टाकतात, तेव्हा मुळं ओढतील त्याहून जास्त पाणी पानांतून उडत असतं. बुडाशी ओल असतेच. त्यात आणखी पाणी ओतलं की तापलेल्या मातीत हवा उरत नाही आणि मुळं गुदमरतात. खरी तहान सकाळी सहाला कळते. तेव्हाही पान मलूल असेल आणि बोट दोन पेरं खुपसूनही माती कोरडी लागली, तरच झाड तहानलेलं. पाणी सातच्या आत द्यायचं, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत. काळ्या ग्रो-बॅगांना, म्हणजे झाडं लावायच्या पिशव्यांना, मात्र संध्याकाळी परत. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं चटका देणारं पाणी बादलीत काढायचं, हेही तुम्हीच सांगितलंत.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालू नका म्हणालात, तेव्हा कारणही दाखवलंत: कुंडीच्या काठावरची पांढरी पापडी. कूलरमधून पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तेच रोज कुंडीत गेले की पानांच्या कडा करपतात. शहरात जवळपास प्रत्येक घरी कूलर आहे, त्यामुळे ही एक सूचना किती झाडं वाचवेल!

तुमचा सगळा भर मूळ थंड ठेवण्यावर. ग्रो-बॅगला बाहेरून गोणपाटाचे दोन वेढे. आळ्यात सोयाबीनच्या कुटाराचा (मळणीनंतरच्या भुश्याचा) तीन-चार इंचांचा थर, पण खोडापासून दोन इंच लांब, नाहीतर बुंधा कुजतो. हिरवी जाळी 50 टक्के सावली देणारी, सात फूट उंच आणि बाजूंनी उघडी, म्हणजे गरम वारा अडकत नाही. 75 टक्क्यांची जाळी घेऊ दिली नाहीत ते बरं झालं; तिच्याखाली भेंडी नुसती उंच आणि लेचीपेची होते. पश्चिमेला दोडक्याचा मांडव घालून त्याच्या सावलीत वांगी ठेवायची युक्ती तर जाळीहून स्वस्त.

टोमॅटोची फुलं गळायला लागली की लोक टॉनिक मागायला येतात. तुम्ही ते विकलं नाहीत, हे आवर्जून लिहायचं आहे. दिवसा 35 आणि रात्री 25 अंशांच्या वर पारा राहिला की परागकणच निकामी होतात, बाटलीतलं औषध तिथे काय करणार? वरचा तिसरा हिस्सा छाटून झाड सावलीत जपायचं, एवढंच सांगितलंत. मे महिन्यात भाजी हवी तर भेंडी, गवार, चवळी, तांदुळजा. युरिया बंद, कोवळी लुसलुशीत पानं मावा-तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना बोलावतात.

वेलींवर उन्हाळ्यात नर फुलंच जास्त, त्यामुळे हातानं परागीकरण करावं लागतं. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, काकडी सकाळी. वेळ चुकली तर मेहनत फुकट. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि पिवळी पूड मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायची. मादी ओळखायची खूण म्हणजे फुलाखाली बोटाच्या पेराएवढा इवलासा दोडका.

लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, घालवायला पानांच्या खालच्या बाजूला सकाळी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा. गंधक या उन्हात नाहीच, पानं भाजतात. निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, तेही ऊन उतरल्यावर.

सोबत दोडक्याच्या बियांची पुडी आहे. फळ वेलीवरच वाळू दिलं होतं, हलवलं की आत बिया खुळखुळत होत्या. आषाढात लावायला तुमच्याकडे कुणी मागितलं तर द्या.

आपल्या,
गच्चीवर भाजी लावणाऱ्या आम्ही सगळ्या