प्लॅन वाढवायच्या आधी आकडे लिहून ठेवा

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. नमस्कार.

नेट हळू चालतंय म्हणून मोठा प्लॅन घ्यायचं तुमच्या मनात आहे. एवढ्यात घेऊ नका. आत्ताचा ४० एमबीपीएसचा प्लॅन दोघांना भरपूर आहे. टीव्हीवर एचडी सिनेमा पाहायला पाचेक एमबीपीएस लागतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी. वेग वाटेत कुठेतरी गळतोय. गळती बाहेरच्या लाईनीत असेल तर उपाय वेगळा, घरातल्या वायफायमध्ये असेल तर वेगळा. मोठ्या प्लॅनचे पैसे भरून यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

म्हणून आधी मोजायचं. बाबा, टीव्ही बंद करा, आईच्या मोबाईलचं वायफाय बंद करा आणि तुमच्या मोबाईलचा डेटाही बंद करा, नाहीतर सिमकार्डाचाच वेग मोजला जाईल. राउटरपासून पाच-सहा फुटांवर बसून क्रोममध्ये फास्ट डॉट कॉम उघडा. आकडा थांबला की कॅलेंडरवर लिहा. मग तसंच माजघरात आणि स्वयंपाकघरात. सकाळी सातला एकदा, रात्री नऊला एकदा. वायफायची दोन नावं दिसतात, त्यातलं शेवटी ‘५जी’ असलेलं घ्या. ते सिमचं फाईव्ह-जी नव्हे, राउटरचाच ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे.

राउटरजवळ ३५च्या पुढे आणि आत ५-६ आले, तर लाईन ठणठणीत आहे, भिंती अडवतात. राउटरजवळच ८-१० असतील तर दोष लाईनीत, राउटरमध्ये किंवा त्याच्या अडॅप्टरमध्ये. सकाळी ३५ आणि रात्री १० म्हणजे कंपनीकडे संध्याकाळची गर्दी. तिथे आपल्या हातात फक्त तक्रार. दिवसभर २-४च येत असतील आणि नवा महिना सुरू झाला की आपोआप सुधारत असेल, तर महिन्याचा डेटा संपतोय. कंपनीच्या अॅपमध्ये शिल्लक दिसते. मोठा प्लॅन या एकाच कारणासाठी घ्यावा.

माझा संशय भिंतींवर आहे. जांभ्याची दीड फुटी भिंत ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ गिळून टाकते. त्यात आपल्या बेळगाव-खानापूरकडचा पाऊस. ओल धरलेल्या भिंतीतलं पाणी लहरी आणखी शोषतं, म्हणून उन्हाळ्यात बरा चालणारा कोपरा श्रावणात बंद पडतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून जास्त आत जातो, पण वेग कमी देतो. म्हणून सोप्यात, म्हणजे राउटर असलेल्या पुढच्या खोलीत, ‘५जी’ नाव वापरा, माजघरात आणि स्वयंपाकघरात साधं.

राउटर टीव्हीच्या मागे ठेवू नका. टीव्हीच्या पाठीचा पत्रा, गोदरेजचं कपाट, मोठा आरसा हे सगळे लहरी अडवतात. सोपा आणि माजघर यांच्यामधल्या दाराजवळ, सहा फूट उंचीवर फळी मारून तिथे ठेवायचा. दार उघडं असलं की लहरींना आत जायला वाट मिळते. पण बाबा, तो स्वतः ओढून हलवू नका आणि स्टुलावर चढू नका. राउटरला येणाऱ्या पिवळ्या वायरीच्या आत केसाएवढी काच असते, तिच्यातून प्रकाशाच्या रूपात नेट येतं. लाईनमनला पाच मीटरची नवी पॅच कॉर्ड, म्हणजे तीच पिवळी वायर, आणायला सांगा, दोन्ही टोकं हिरवी हवीत. निळ्या टोकाची हिरव्यात बसते, पण काचेचा उतार जुळत नाही आणि प्रकाश वाया जातो. उरलेल्या वायरीचं वेटोळं आमटीच्या वाटीपेक्षा लहान करू नका. काच जास्त वाकली की प्रकाश बाहेर झिरपतो, तुटल्यावर तर बंदच. सुटलेल्या टोकात डोळा घालून बघू नका. तो लेझर दिसत नाही, पण डोळ्याला घातक असतो.

एवढं करूनही स्वयंपाकघरात वेग आला नाही, तर दुकानदार रिपीटर, म्हणजे वायफाय झेलून पुढे पाठवणारं यंत्र, देईल. घेऊ नका. स्वस्त रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच पट्ट्यावर, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा आतल्या खोलीपर्यंत कॅट-६ केबल टाकायची आणि तिथे दुसरा साधा राउटर लावायचा. केबल पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण तिची टोकं लवकर सैल होतात. दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, ठेवायचा. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (मोबाईल-टीव्हीला पत्ते वाटायचं काम) बंद करून, त्याचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा देऊन, केबल वॅनऐवजी (बाहेरच्या लाईनीचं भोक) लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) भोकात घालायची. २.४ चा चॅनल एकाचा १, दुसऱ्याचा ११. ही सेटिंग मी फोनवर करून देईन.

आता राउटरवरचे दिवे. ‘पीओएन’ हिरवा स्थिर हवा आणि ‘एलओएस’ बंद हवा. एलओएस लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाहीये, कितीही वेळा बंद-चालू केलंत तरी उपयोग नाही, सरळ तक्रार करा. लाईनमन आला की वायरीतल्या प्रकाशाचा जोर मोजणारा पॉवर मीटर लावायला सांगा. उणे २० डीबीएमच्या (हे त्या जोराचं माप) आसपास आलं तर छान, उणे २७च्या खाली, म्हणजे उणे २८-२९ वगैरे, गेलं तर लाईन कमजोर आहे. वाकलेली वायर, धुळीचं टोक, नाहीतर खांबावरचा वाईट जोड, यातलं एक कारण असतं. तो आकडाही कॅलेंडरवर लिहा. मीटरवरचा आकडा दाखवला की ‘सगळं ठीक आहे’ म्हणून कुणी टोलवत नाही.

त्याच फेरीत परड्याकडच्या भिंतीतलं भोक बघून घ्या. खांबावरून येणारी काळी केबल भोकात सरळ शिरत असेल तर पावसाचं पाणी तिच्या अंगावरून घरात येतं. केबल भोकाच्या खाली वितभर झोल देऊन मग वर आत न्यायची, म्हणजे पाणी झोलाच्या टोकाला गळून पडतं. भोकाला बाहेरच्या बाजूला उतार हवा. केबलमधली पोलादी तार बाहेरच्या हुकालाच संपवायला सांगा. काचेतून वीज जात नाही, त्या तारेतून जाते. वळवाचे गडगडाट सुरू झाले की राउटरचा अडॅप्टर प्लगमधून काढा. हिरव्या टोकाला हात लावायची गरज नाही.

अडॅप्टर जुना झाला की राउटर मध्येच आपोआप बंद-चालू होतो आणि लोक लाईनीला दोष देतात. खालच्या लेबलवर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलं असेल तर नवाही १२ व्होल्टचाच घ्या. अँपिअर जास्त चालतील, कमी नाही. लाईट जाते तेव्हासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. ८ वॅटच्या राउटरला ३० वॅट-तासांची बॅटरी तीनेक तास पुरते.

आई, नेट अडकलं तर प्लग काढून अर्धा मिनिट थांब, लाव, आणि तीन मिनिटं वाट बघ. मागचं बारीक ‘रीसेट’चं भोक टाचणीने दाबू नकोस. त्याने कंपनीचं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि लाईनमन येईपर्यंत सगळंच बंद. ‘तुमचं नेट बंद होणार, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर काही न सांगता ठेवून दे.

तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. फोनवर मराठीचा पर्याय नसेल तर हिंदी दाबा.

रविवारी मला सहा आकडे पाठवा, तीन खोल्यांचे सकाळ-रात्रीचे, आणि राउटरच्या खालच्या लेबलचा फोटो. दुसरा राउटर घ्यायचा की नाही ते त्यावरून सांगते.

तुमची लेक