कोयता फडात, लेकरू गावात : शाळा व्यवस्थापन समितीचे आवाहन

ग्रामस्थहो, पालकहो, मुकादम मंडळींनो आणि नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनो,

दसरा जवळ आला. मुकादमांकडून ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन झाली, टोळ्या ठरल्या. दिवाळीच्या आसपास गावातल्या निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागेल आणि कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, सांगली-कोल्हापूरकडे, काही पार बेळगावकडच्या साखर कारखान्यांवर जातील. परतायला मार्च-एप्रिल उजाडेल. बीड जिल्ह्यातल्या आपल्यासारख्या गावांना हे नवे नाही.

शिक्षकांनी घरोघर फिरून, विनवण्या करून पुष्कळ मुले आजी-आजोबांजवळ ठेवायला लावली. हंगामी वसतिगृह योजनेतून त्यांच्या जेवणाची सोय होते. पण पोट भरले तरी आई-बापाची आठवण जात नाही. दोन-तीन महिने गेले की हीच मुले वर्गात गप्प बसू लागतात, गृहपाठ करीत नाहीत. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. आपल्या समितीतही आहेत, पण त्यांतले बरेच जण हंगामात उसाच्या फडात असतात. मग पालक सभेला बोलवायचे कुणाला?

गेल्या हंगामात शाळेतल्या एका शिक्षिका बाईंनी स्वतःच्या फोनवरून दुसरीतल्या मुलीला तिच्या आईला धडा वाचून दाखवायला लावला. आईला अक्षरओळख नाही. फडावरच्या कोपीबाहेर, म्हणजे झोपडीबाहेर, बसून ती ऐकत होती. धडा अर्ध्यावर थांबला तसे तिने विचारले, "मंग पुढं काय झालं गं?" त्या रात्री पोरीने उरलेला धडा आपणहून वाचून काढला, कारण दुसऱ्या दिवशी आईला पुढचे सांगायचे होते. आम्ही इतक्या सभा घेतल्या, पण आईच्या त्या एका प्रश्नाने जे झाले ते आमच्याकडून झाले नव्हते.

म्हणून यंदा हे रोज घडावे असे समितीने ठरवले आहे. अडचण साधी आहे : घरात फोन एकच असतो आणि तो आई-बापाबरोबर फडात जातो. ट्रक-ट्रॅक्टर कधी येईल, मोळ्या कधी भराव्या लागतील याचा नेम नसतो, त्यामुळे शाळेच्या वेळेत त्यांना बोलायला सवड मिळत नाही. शाळेत संध्याकाळची अभ्यासिका चालवून तिथे फोन ठेवायचे आहेत. त्यासाठी चालू स्थितीतले जुने स्मार्टफोन, सहा महिन्यांचे रिचार्ज, सतरंज्या आणि वीज गेल्यावर लागणारे चार्जिंगचे दिवे हवे आहेत. ज्यांना पैसेच द्यायचे असतील त्यांनी ते शाळेत मुख्याध्यापकांकडे द्यावेत आणि पावती घ्यावी. जमाखर्च दर महिन्याला शाळेच्या फलकावर लावू.

गावात राहणाऱ्या शिकलेल्या मुला-मुलींनी आठवड्यातली एक संध्याकाळ अभ्यासिकेला द्यावी. आज्यांनो, तुम्हीही या. तुम्हाला वाचता येत नसले तरी नातू कुठे अडखळतो ते कानाला कळते.

मुकादमांना हात जोडून विनंती आहे, कामातून पंधरा मिनिटे फोनसाठी मिळू द्या. तुमचीही लेकरे याच शाळेत शिकली.

जी मुले बरोबर न्यावीच लागतात, त्यांच्या आई-बापांनी निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यावे. कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत ते दाखवून मुलाला बसवता येते. दाखला सोबत नाही म्हणून कुणालाही प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यातच आहे. पण मुलाला त्या शाळेच्या दारापर्यंत तुम्हालाच न्यावे लागेल.

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेत पालक सभा आहे. आई आणि वडील दोघांनीही यावे. येताना फडात जो नंबर चालू राहणार आहे तो सांगा, मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर आपण तो तिथेच लिहून घेऊ.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा