सर्दीची गोळी आणि अडलेली लघवी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गणेश चवथीच्या तोंडावर माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचे) सामान आणायला बाबा भर पावसात गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात गेले आणि सर्दी घेऊन घरी आले. वय ७८. रक्तदाबाची गोळी चालू, प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे लघवी मोकळी व्हावी म्हणून रात्री टॅमसुलोसिनची गोळी. मी त्यांना ओपीडीत नेले. रांग दाराबाहेर. डॉक्टरांनी घसा बघितला, छाती तपासली आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या: सर्दीची गोळी तीन वेळा, पॅरासिटामॉल ६५० तीन वेळा. आधीची औषधे कोणती, हे त्यांनी विचारले नाही. पिशवीतली फाईल मीही बाहेर काढली नाही, हे कबूल करतो.

तिसऱ्या रात्री बाबांची लघवी अडली. पोट दगडासारखे टणक, आणि ते बिचारे दर दहा मिनिटांनी न्हाणीघरात. पहाटे कॅज्युअल्टीत नळी घातली तेव्हा पाऊण लिटरच्या वर लघवी निघाली. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंचा पहिलाच प्रश्न होता, "सर्दीची गोळी दिली होती का?"

घरी येऊन भिंग लावून पाकीट वाचले. त्या एका गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन. क्लोरफेनिरामिनने नाक वाहायचे थांबते, पण मूत्राशयाचा जोरही कमी होतो. म्हाताऱ्या माणसाला वर गुंगी, बद्धकोष्ठ, कधी भ्रम, आणि रात्री उठताना तोल जाण्याची भीती. नाक मोकळे व्हावे म्हणून घातलेले फिनाइलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळते, तसेच मूत्राशयाचे तोंडही. टॅमसुलोसिन नेमके तेच सैल करायला दिलेले. म्हणजे एकाच पिशवीतल्या दोन गोळ्या एकमेकींच्या उलट ओढत होत्या. शिवाय पॅरासिटामॉल दोन्हीकडून पोटात, दिवसाला जवळजवळ साडेतीन ग्रॅम.

गंमत अशी की, पोटात घेतलेले फिनाइलेफ्रिन नाक मोकळे करतच नाही, असे अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितले आहे. आपल्याकडे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्र औषधांवर (एकाच गोळीत अनेक औषधे) बंदी घातली, त्यांत सर्दीतापाचीही काही होती. पण बाकीची कितीतरी अजून प्रत्येक फार्मसीत मिळतात, चिठ्ठी नसली तरी.

डॉक्टरांवर राग नाही. सकाळभरात इतके पेशंट बघायचे तर हात सवयीने चालतो, आणि "एक चांगली गोळी द्या" म्हणणारे आपणच असतो. ताप असेल तर नुसते पॅरासिटामॉल, नाक बंद असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब, बाकी वाफ आणि पेज. बाबांना एवढे पुरले असते. आरोग्य खात्याला विनंती एवढीच की साठीपुढच्यांच्या केस पेपरवर एक शिक्का असावा: लघवीचा त्रास, काचबिंदू, रक्तदाब, चालू गोळ्या. पेशंट आत जाण्याआधी नर्स बाईंनी तो भरावा. फार्मसीवाल्यांनीही म्हातारे माणूस सर्दीची गोळी मागायला आले तर निदान एवढे विचारावे.

बाबांची नळी चौथ्या दिवशी निघाली. त्यांच्या फाईलवर मी आता लाल शाईने 'प्रोस्टेट' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. गेल्या खेपेस त्याच ओपीडीत डॉक्टरांनी ते वाचले आणि लिहीत आणलेली ओळ खोडली.

आपला,
एक वाचक, डिचोली