स्कर्मिऑन आणि कुलाब्याची प्रयोगशाळा

महोदय,
अणूंची चुंबकत्वे आपसूक वळून भोवऱ्यासारखी अतिसूक्ष्म रचना होते, तिला स्कर्मिऑन म्हणतात. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी गॅडोलिनियम या दुर्मिळ मृदा धातूच्या, पॅलेडियम व सिलिकॉनसोबतच्या संयुगात ती दाखवली. एरवी असे भोवरे असममित रचनेच्या स्फटिकांत अपेक्षित असतात; इथे स्फटिक सममित असूनही ते दिसले, हे विशेष! पण याच संयुगाचे वेगळेपण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संपतकुमारन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्येच नोंदवले होते. थंड करताना त्याचा विद्युतरोध घटतो आणि चुंबकीय क्रम लागण्याआधीच (म्हणजे अणूंची चुंबकत्वे ठरावीक रचनेत लागण्याआधीच) पुन्हा चढू लागतो. दुर्मिळ मृदा म्हटले की आपल्याकडे चर्चा फक्त चीनच्या निर्यातीची होते. मुंबईतल्या या मूलभूत कामावर आपल्या विज्ञान पुरवणीत सविस्तर लेख यावा, ही आग्रहाची विनंती.

– एक विज्ञानशिक्षिका, सातारा