उशाशी बूट

पुणे, १४ जून

प्रिय कुसुम,

सहा महिन्यांत माझं पत्र नाही, फोनही दर वेळी तुझाच. फार लागून राहिलंय मनाला. माझी शुगर आटोक्यात आहे. तुझा गुडघा?

आज लिहायलाच हवं, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. परवा रात्री पाऊस लागला. ओजसला पांघरूण घालायला गेले, तर उशाशी त्याचे बूट. जोडीनं ठेवलेले, आत मोजे. मी तिथेच खाली बसले. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, वाड्यातून पळताना तू अनवाणी होतीस. मग तुझ्याही चपला उशाशी असायच्या. मी ते वर्गभर सांगितलं आणि तू दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. बरोबरच होतं तुझं.

गेल्या वर्षी, २५ जुलैच्या पहाटे, एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा हा चार वर्षांचा. सुधीरनं खांद्यावर घेऊन बाहेर काढला. नवं घर झालं, आम्हाला वाटलं, लहान आहे, विसरेल. आपल्या आयाही हेच म्हणायच्या ना गं? पण अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं. टबात गाड्या बुडवायच्या, एकेक काढून स्टुलावर ठेवायची, परत बुडवायच्या. तासन् तास, चेहऱ्यावर हसू नाही. मला बघवेना, मी टब माळ्यावर टाकला. समुपदेशक बाई म्हणाल्या, आधी तो टब काढून द्या. एवढ्या मुलांना सांगता येत नाही, ती खेळातून नि अंगातून सांगतात. शेजारी बसा, हळूच विचारा, यांना न्यायला कोण येणार? मी विचारलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाबा येईल. पण आजीचे देव राहिले." देव्हाऱ्यासाठी मी त्या पहाटे रडले होते, कुसुम. ते त्यानं साठवून ठेवलं होतं.

बाई अनघाशीच जास्त बोलल्या. ढग आले की ती सारखी मोबाइल बघते, आणि हा तिचं तोंड बघतो. तिची झोप झाली तर त्याची होईल, म्हणाल्या. आता रात्री उठायचं काम माझ्याकडे.

खरा घोर पुढेच आहे. सुधीर म्हणतो, पावसाळाभर त्याला नागपूरला शैलाकडे ठेवू. पोराच्या काळजीनंच म्हणतो. बाईंनी सांगितलं, दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅना फ्रॉइड म्हणून मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या एक बाई लंडनमध्ये मुलांना सांभाळत होत्या. लहानग्यांना बॉम्बपेक्षा आईपासूनची ताटातूट जास्त झोंबते, असं त्यांना दिसलं. सुधीर म्हणाला, ते लंडन होतं. म्हणून तुला विचारते. पुरानंतर तुला महिनाभर साताऱ्याला मामांकडे धाडलं होतं. परत आलीस तेव्हा मी फक्त कंदी पेढे मागितले, आणि एकच दिलास म्हणून भांडले! (अजून एक येणं आहे.) तिथे रात्री कशा गेल्या, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही.

नंदूच्या मुलीचं ठरलं, फार आनंद झाला. साखरपुड्याला नक्की येते.

चपला तू साताऱ्याहून आल्यावर ठेवायला लागलीस, की आधीपासून? आठवून लिही. सुधीरला तुझंच पत्र वाचायला देणार आहे. पाऊस वाढायच्या आत पाठव. बूट मी हलवलेले नाहीत.

तुझी,
विमल